कोबे पाहायचं तर डोंगराकडून उतरत या

ओसाकाला आलेली आपली मंडळी कोबेला ठरलेल्या पद्धतीने येतात. दुपारी दोनला गाडीत बसायचं, बंदरावरच्या लाल मनोऱ्यासमोर फोटो काढायचा, चायनाटाऊनमध्ये काहीतरी तोंडात टाकायचं आणि "छान आहे, पण मरीन ड्राइव्ह आपल्याकडेही आहेच की" असं म्हणत सहाच्या गाडीने परतायचं. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांनी हे इतक्या वेळा केलं की शेवटी मी त्यांच्यासाठी एक कागद लिहून ठेवला. पुढे आहे तो तोच कागद, जरा ऐसपैस करून.

त्या कागदावर पहिली ओळ आहे: समुद्रापासून सुरुवात करू नका.

कारण शहराची ठेवणच तशी आहे. मागे रोक्को डोंगराची रांग, तिचं सगळ्यात उंच टोक 931 मीटर. समोर ओसाकाचा उपसागर. मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर पूर्व-पश्चिम ताणून बसवलेलं. डोंगराच्या पायथ्याच्या शिन-कोबे स्टेशनपासून बंदराच्या पाण्यापर्यंत अंतर जेमतेम तीन किलोमीटर, आणि सगळा उतार. खालून वर निघालात तर दुपारी चारपर्यंत पोटऱ्या भरून येतात आणि डोंगराकडचं सगळं राहून जातं. वरून खाली आलात तर गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं.

इथले लोक पत्ताही असाच सांगतात: डोंगराच्या बाजूला आणि समुद्राच्या बाजूला. दुकानांतल्या पाट्यांवरही 'यामा' आणि 'उमि' अशा दिशा दिसतात. रस्ता चुकलात तर फोन काढण्याआधी मान वर करा. डोंगर दिसला की ती उत्तर.

आधी स्टेशनांचा घोळ समजून घ्या

मी पहिल्यांदा आलो तेव्हा 'कोबे' नावाच्या स्टेशनवर उतरलो. नाव कोबे म्हणजे शहराचा मध्य तिथेच, असं माझं सरळसोट गणित. बाहेर आलो तर ज्यांना भेटायचं होतं ते दोन स्टेशनं मागे सान्नोमियाला माझी वाट बघत उभे. शहराचं खरं गजबजलेलं ठिकाण सान्नोमिया हेच. जेआर म्हणजे जपान रेल्वे, तिच्या स्टेशनचं नाव सान्नोमिया, हान्क्यू आणि हानशिन या खासगी रेल्वेंची स्टेशनं कोबे-सान्नोमिया, शिवाय मेट्रोचं वेगळं. सगळी एकमेकांना खेटून आहेत, पण फाटकं निरनिराळी. कोणाला भेटायचं असेल तर "सान्नोमियाला भेटू" एवढंच ठरवू नका, कोणत्या रेल्वेचं कोणतं फाटक तेही ठरवा. दादरला पूर्व की पश्चिम हे न ठरवता भेटायला जाण्यासारखंच ते.

ओसाकाहून जेआरची 'शिन-काइसोकु' ही जलद गाडी वीस-बावीस मिनिटांत सान्नोमियाला सोडते. हान्क्यूची आणि हानशिनची गाडी पाच-सात मिनिटं जास्त घेते, पण तिकीट स्वस्त. कान्साई विमानतळावरून थेट बस आहे, साधारण तासाभराची. तोक्योहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, येत असाल तर पावणेतीन तासांत शिन-कोबेलाच उतराल, म्हणजे आपल्याला हवं तिथेच. सान्नोमियाहून शिन-कोबे मेट्रोने एकच स्टेशन आहे.

पहिल्याच दिवशी इकोका कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरा. रेल्वे, बस, कोपऱ्यावरचं चोवीस तासांचं दुकान, सगळीकडे तेच चालतं. तरी थोडे सुटे येन खिशात असू द्या. बॅग सान्नोमियाच्या लॉकरमध्ये टाका, पण सकाळी लवकर, कारण दहानंतर मोठे लॉकर भरलेले असतात.

कधी यावं? मार्चअखेर ते एप्रिल मध्य आणि नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम. जूनमध्ये पाऊस लागतो, ऑगस्टमध्ये मुंबईच्या ऑक्टोबरसारखा घाम निघतो, सप्टेंबरात वादळं. हिवाळ्यात रोक्कोवरून खाली येणारा बोचरा वारा असतो. त्याला 'रोक्को ओरोशी' असं नावच आहे, तेव्हा कानटोपी आणा.

सकाळ: स्टेशनच्या मागे धबधबा

शिन-कोबेला शिंकान्सेन थांबते त्या इमारतीच्या तळमजल्यावरून बाहेर पडा आणि स्टेशनच्या खालून मागच्या बाजूला जा. दोन मिनिटांत शहराचा आवाज बंद होतो. पायऱ्या चढत पंधरा-वीस मिनिटांत नुनोबिकीच्या मुख्य धबधब्यासमोर पोचता, उंची 43 मीटर. खाली आणखी तीन छोटे धबधबे आहेत, त्यातल्या एकाला 'नवरा-बायको' म्हणतात. गगनबावड्याला पावसाळ्यात असे रस्त्याला पन्नास दिसतात हे खरं, पण बुलेट ट्रेनच्या फलाटामागे नाही दिसत.

इथलं पाणी खलाशांमध्ये प्रसिद्ध होतं. कोबेचं पाणी विषुववृत्त ओलांडलं तरी नासत नाही, असं ते म्हणायचे. आणखी चढायची तयारी असेल तर वर 1900 साली बांधलेलं धरण आहे, काँक्रीटचं असं जपानमधलं पहिलं. आई-वडील सोबत असतील तर चढणीचा हट्ट नको. स्टेशनजवळूनच रोपवे वर वनस्पतींच्या बागेत जातो, त्यातून धबधबा आणि बंदर दोन्ही दिसतं.

कितानो: पंधरा मिनिटांत चार धर्म

धबधब्यावरून उतरून पश्चिमेकडे दहा-बारा मिनिटं चाललात की कितानो. इथे घाई करू नका.

कोबेचं बंदर परदेशी व्यापाराला उघडलं 1 जानेवारी 1868 रोजी. परदेशी व्यापाऱ्यांसाठी समुद्राजवळ वसाहत आखून दिली, पण ती पुरेना, मग त्यांना डोंगराच्या उतारावर घरं बांधायची मुभा मिळाली. ती घरं म्हणजे 'इजिनकान'. प्रत्येक घराला वेगळं तिकीट, आणि खरं सांगायचं तर निम्म्या घरांत जुनं फर्निचर आणि फोटो काढायच्या जागा यापलीकडे फार काही नाही. दोनच बघा. एक 'काझामिदोरी', 1909 सालचं लाल विटांचं घर, टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा. जर्मन वास्तुरचनाकार गेओर्ग दे लालांदे याने ते बांधलं. दुसरं त्याच्या शेजारचं 'मोएगी', 1903 सालचं. मोएगी म्हणजे कोवळ्या पालवीचा हिरवा रंग. त्याच्या अंगणात विटांचं एक धुराडं जमिनीवर ठेवलेलं दिसेल. 1995 च्या भूकंपात छतावरून पडलं, ते तसंच जपलंय. जुनी घरं डागडुजीसाठी अधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी बघून घ्या.

मग गल्ल्यांत शिरा. काझामिदोरीच्या शेजारून पायऱ्या चढून कितानो तेन्मान देवळात जा, तिथल्या कट्ट्यावरून छपरांच्या पलीकडे बंदर दिसतं. जवळच ज्यू लोकांचं प्रार्थनाघर आहे. उतारावर खाली आलात की जपानमधली पहिली मशीद, 1935 साली भारतीय आणि इतर मुस्लिम व्यापाऱ्यांच्या पैशातून उभी राहिलेली. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब आणि 1995 चा भूकंप, दोन्हींतून ती तगली. आणि एका शांत गल्लीत अचानक पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं जैन मंदिर. भगवान महावीरांचं, 1985 साली बांधलेलं. कोरीव खांब, शिखर, सगळं थेट आपल्याकडचं, आणि समोर जपानी टपालपेटी. माझी आई तिथे पोचल्यावर चपला काढून पायरीवर बसली ती उठेचना. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला ओळखीचं काही दिसलं होतं.

हे मंदिर इथे कसं? 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले बरेचसे भारतीय व्यापारी कोबेला आले, आणि पुष्कळसे इथलेच झाले. सिंधी, गुजराती, पारशी. मोत्यांचा आणि कापडाचा धंदा. मशीद आणि मंदिर, दोन्ही ठिकाणी लोक प्रार्थनेला येतात, तेव्हा गुडघे-खांदे झाकलेले असू द्या, आत जाण्यापूर्वी विचारा आणि फोन खिशात ठेवा.

पोटाची सोय

हा भाग शाकाहारी मंडळींसाठी. मांसाहारी लोकांनी पुढे गेलात तरी चालेल. त्यांना एवढंच सांगतो की कोबेचं नाव ज्या बीफमुळे जगभर झालं ते ताजिमा जातीच्या गुरांचं, आणि खायचंच असेल तर दुपारच्या थाळीत ते रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

शाकाहाराची जपानमधली अडचण मांस नाही, 'दाशि' आहे. वाळवलेल्या माशाचं पाणी. नूडल्सच्या रश्श्यात ते असतं, सॉसमध्ये असतं, वरून निव्वळ भाजी दिसणाऱ्या पदार्थातही असतं. "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर मान डोलावणारा आचारी प्रामाणिकच असतो, त्याच्या लेखी माशाचं पाणी म्हणजे मासा नव्हे. म्हणून हे वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशि मो दामे देस." मांस नाही, मासे नाहीत, दाशिही चालत नाही. शक्यतो जपानीत लिहून फोनवर ठेवा आणि दाखवा. त्यातून समोरच्याने दोनदा होकारार्थी मान हलवली तर बसा, "च्योत्तो..." म्हणून श्वास आत ओढला तर नमस्कार करून निघा. तो नकार असतो.

कोबेत त्या मानाने बरं आहे. सान्नोमिया आणि कितानोच्या मधल्या पट्ट्यात भारतीय खानावळी आहेत, काही ठिकाणी जैन जेवणही सांगून मिळतं. आणि पाव! परदेशी बंदर असल्याने या शहराला पावाचं आणि केकचं वेड आहे. सकाळी कुठल्याही बेकरीत शिरा, फक्त आत काय भरलंय ते विचारून घ्या.

दुपार: देऊळ, चायनाटाऊन आणि गोव्याचा पाहुणा

कितानोहून उतरून सान्नोमियात आलात की दुकानांच्या गर्दीत इकुता देऊळ लागतं. 'कोबे' हे नावच या देवळाच्या सेवेकरी घरांवरून पडलं, म्हणजे आपल्याकडचं देवस्थान इनाम म्हणा ना. दहा मिनिटं पुरेत. मागच्या बाजूच्या झाडीत तेवढं डोकावा.

नानकिनमाची हे जपानमधल्या तीन चायनाटाऊनांपैकी एक. दोन गल्ल्या, मध्ये चौक. इथला डुकराच्या मांसाचा वाफाळता पाव शंभरेक वर्षांपासून चालत आलाय आणि त्यासाठी रांग लागते. शाकाहारी असाल तर तिळात घोळवून तळलेले गोल गोळे शोधा. वरून कुरकुरीत, दाताखाली चिकट, आणि आत लाल शेंगदाण्याएवढ्या घेवड्यासारख्या दाण्यांचं गोड सारण, थेट पुरणाच्या वळणाचं. कशात तळलेत ते मात्र विचारा, कधीकधी चरबी असते. चालत खाऊ नका, गाडीशेजारी उभं राहून संपवा. कचराकुंडी शहरात सापडणार नाही, तेव्हा पिशवी खिशात ठेवा.

तिथून दोन-चार मिनिटांवर ती जुनी परदेशी वसाहत. रुंद सरळ रस्ते, दगडी बँका, आता बहुतेक महागड्या कपड्यांची दुकानं. फोर्ट भागात फिरल्यासारखं वाटतं. इथेच 1935 सालच्या एका बँकेच्या इमारतीत कोबे शहर संग्रहालय आहे. त्यांच्या संग्रहात संत फ्रान्सिस झेवियर यांचं एक चित्र आहे, छातीवर हात आणि वर वळलेली नजर. जपानी शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकांत झेवियर म्हणून बहुधा तेच छापतात. 1549 साली जपानात ख्रिस्ती धर्म घेऊन आलेला हा माणूस, आणि त्याचा देह जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत. ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना हे चित्र ओसाकाजवळच्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्या लपवून ठेवलं होतं, ते 1920 साली बाहेर आलं. मूळ चित्र वर्षभर मांडलेलं नसतं. त्याच्यासाठीच जात असाल तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून जा.

संध्याकाळ: बंदर

आता मेरिकेन पार्क. 'मेरिकेन' म्हणजे 'अमेरिकन', जपानी कानांनी ऐकलेलं. दिवे लागायच्या तासभर आधी पोचा.

आधी पूर्वेच्या कडेला जा, जिथे फोटो काढणारे कमी असतात. धक्क्याचा साठ मीटरचा तुकडा 1995 च्या भूकंपानंतर होता तसा ठेवलाय. फरसबंदी खचून पाण्यात गेलेली, दिव्यांचे खांब दारुड्यासारखे कललेले. 17 जानेवारी 1995, पहाटे 5:46. एकूण मृत्यू 6434. आपल्याकडे किल्लारीची रात्र याच्या जेमतेम सोळा महिने आधीची, तीही पहाटेचीच. माझ्याबरोबर आलेले लातूरचे एक काका तो कललेला खांब बघत बराच वेळ उभे होते, मग म्हणाले, "आमच्याकडं असं काही ठेवलंच नाही धडाचं." मी काही बोललो नाही.

लाल मनोरा म्हणजे पोर्ट टॉवर, 1963 सालचा, 108 मीटर. मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, जपानी ढोलकीसारखा. दुरुस्तीनंतर 2024 मध्ये पुन्हा उघडला. वर चढण्यापेक्षा तो लांबून चांगला दिसतो असं माझं मत. त्यासाठी पाण्याच्या पलीकडच्या मोझाइक नावाच्या बाजारपेठेच्या लाकडी सज्जावर जा. मनोरा, शेजारच्या सागरी संग्रहालयाचं शिडांसारखं पांढरं छत आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं, सगळं एका नजरेत मावतं.

त्याआधी वेळ असेल तर पाऊण-एक तासाची बोटफेरी घ्या. बोट जहाजबांधणीच्या गोद्यांजवळून जाते. जपानच्या पाणबुड्या याच बंदरात बांधल्या जातात, आणि नशीब असेल तर एखादी काळी पाठ दिसते. मुंबईकरांनी या पाण्याकडे आणखी एका कारणासाठी बघावं. 1893 साली निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने आपला पहिला दूरचा नियमित जलमार्ग सुरू केला तो कोबे ते मुंबई. माल होता कापूस. ब्रिटिश जहाज कंपन्यांचं भाडं परवडेना म्हणून जमशेटजी टाटांनी जपान्यांशी हातमिळवणी केली होती. मुंबईहून आलेल्या गाठी याच बंदरात उतरायच्या आणि ओसाकाच्या गिरण्यांत जायच्या.

दुसरा दिवस असेल तर

असायलाच हवा. पण तीन वाटा आहेत आणि एका दिवसात एकच धरा.

पहिली वाट आरिमा ओन्सेन, डोंगरापलीकडचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव. सान्नोमियाहून मेट्रोने तानिगामी, तिथून शिंतेत्सु रेल्वे बदलत अर्ध्या-पाऊण तासात पोचता. पाणी दोन प्रकारचं: 'सोनं' म्हणजे लोह आणि मिठाचं तांबूस गढूळ, 'रुपं' म्हणजे स्वच्छ. गावाच्या मध्यावर 'किन-नो-यु' हे सार्वजनिक स्नानगृह आहे. आता स्पष्ट बोलायचं तर, इथे अंगावर एकही कपडा न ठेवता उतरतात. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग खसखसून धुवायचं, फेस पूर्ण घालवायचा, मगच हौदात. छोटा रुमाल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. पहिली तीन मिनिटं लाज वाटते. कोणीही तुमच्याकडे बघत नाही हे कळलं की ती जाते. पाणी तांबडं असतं, तेव्हा पांढरा टॉवेल नेऊ नका.

दुसरी वाट हानशिन रेल्वेने पूर्वेकडे. इवाया स्टेशनवर उतरून भूकंपाच्या स्मृती जपणारं केंद्र, 2002 साली सुरू झालेलं. सोमवारी बंद. भूकंपाचे पहिले क्षण पडद्यावर आणि आवाजात पुन्हा उभे करतात, लहान मुलांना आधी कल्पना द्या. मग तीच गाडी धरून सुमियोशी, तिथून पाच मिनिटांवर हाकुत्सुरु कंपनीचं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, संग्रहालय. प्रवेश फुकट, लाकडी पिंपं, माणसाएवढे पुतळे तांदूळ वाफवताना. नादा भागातली साके प्रसिद्ध होण्यामागे इथलं पाणी, यामादानिशिकी जातीचा तांदूळ आणि तो डोंगरावरचा गार वारा. शेवटी घोटभर चाखायला देतात, गाडी चालवणाऱ्याला नाही. इवाया आणि सुमियोशीला लोकलच थांबते. जलद गाडीत बसलात तर थेट पुढे जाल.

तिसरी वाट पश्चिमेकडे माइको, आकाशी सामुद्रधुनीवरचा झुलता पूल बघायला. मधला गाळा 1991 मीटर. आराखड्यात 1990 होता, बांधकाम चालू असताना भूकंपाने एक मीटर ताणून दिला. आत काचेच्या जमिनीवरून खाली 47 मीटरवर समुद्र दिसतो. इंजिनिअर पाहुण्यांना इथे न्या, बाकीच्यांना नेलं नाही तरी चालेल.

रात्र: माया डोंगर

वाट कुठलीही धरलीत तरी संध्याकाळ मायासाठी राखा. सान्नोमियाहून 18 नंबरची बस केबल कारच्या पायथ्याशी सोडते. केबल कारने पाच मिनिटं 'इंद्रधनुष्य' स्टेशन, मग रोपवेने पाच मिनिटं 'तारा' स्टेशन.

डोंगराचं नाव माया, म्हणजे आपली मायादेवी, गौतम बुद्धाची आई. वर तेन्जोजी नावाचं देऊळ आहे, तिथे तिची पूजा होते. आख्यायिका अशी की हे देऊळ सातव्या शतकात भारतातून आलेल्या एका तपस्व्याने स्थापलं. जुनी वास्तू 1976 साली जळाली, आताची नवी आहे. उजेड असताना तिथे जाऊन या, स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून जोडपी येतात.

मग परत स्टेशनजवळच्या गच्चीवर या. तिचं नाव 'किकुसेइदाइ', ओंजळीत तारे घेता येतील अशी जागा. अंधार पडला की पायवाटेत बसवलेले खडे निळसर चमकू लागतात, आणि खाली कोबेपासून ओसाकापर्यंत सगळा किनारा पेटतो. सकाळी ज्या पट्टीतून चालत उतरलात ती इथून बोटाने दाखवता येते: ते शिन-कोबे, तो कितानोचा काळोखा उतार, तो लाल मनोरा.

एकच सांभाळा. केबल कार सहसा मंगळवारी बंद असते, आणि हिवाळ्यात कामाच्या दिवशी शेवटची गाडी संध्याकाळीच सुटते, अंधार नीट पडायच्याही आधी. चढताना तिकीटखिडकीवरच शेवटची वेळ विचारा आणि ती निघण्याआधी दहा मिनिटं रांगेत उभे राहा. ती चुकली तर खाली यायला डोंगरातली पायवाट, आणि तिथे रानडुकरं फिरतात.